दाब आणि दम

यंत्राच्या अंगावर रिवेट ठोकून बसवलेली धातूची पाटी हा एक उपेक्षित वाङ्मयप्रकार आहे. तिचा लेखक अनामिक असतो, शैली कमालीची आटोपशीर असते आणि तिच्यात क्रियापद बहुधा नसतेच. तरीही ती काही गोष्टी मोठ्याने सांगते, काही हलक्या आवाजात सांगते आणि काही सांगायचे टाळते. संहितेतली मौने वाचावीत, असे आपण वर्गात मुलांना सांगत असतो. पण हा सल्ला ज्यांना सर्वाधिक लागू पडतो अशा कितीतरी संहिता अभ्यासक्रमाबाहेर, यंत्रांच्या दुकानांत, खोक्यातून अर्धवट बाहेर काढलेल्या अवस्थेत उभ्या असतात. गेल्या हिवाळ्यात मी अशाच पाट्या वाचत हिंडत होतो. घराच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या छोट्या कार्यशाळेसाठी मला एअर कॉम्प्रेसर घ्यायचा होता. तो निवडताना जे वाचन घडले, त्याविषयीचे हे टिपण आहे.

प्रयोजन आधी सांगायला हवे, कारण प्रयोजनाशिवाय यंत्राची निवड करता येत नाही. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाने आपली चार जुनी सागवानी कपाटे मोडीत काढायचे ठरवले होते. काचेच्या दारांची, माथ्यावर कोरीव पट्टी असलेली ही कपाटे मी दुरुस्तीसाठी कोल्हापुरात घरी आणली. महाविद्यालयात मराठी शिकवून उरलेल्या वेळात लाकूडकाम करण्याची माझी सवय पंधरा वर्षांची आहे, आणि रंधा, पटाशी व करवत यांवर आजवर भागत आले होते. या कपाटांना मात्र हवा लागणार होती. कोरीव खाचांत बसलेली धूळ उडवायला, काचांभोवतीच्या बारीक पट्ट्यांना बिनडोक्याचे खिळे मारायला आणि सरतेशेवटी लॅकरचा फवारा द्यायला. ही तिन्ही कामे हवेचीच असली, तरी त्यांची तहान सारखी नाही. खिळ्यांची बंदूक प्रत्येक ठोक्याला हवेचा एक घोट घेते आणि गप्प बसते. फवाऱ्याची बंदूक घोडा दाबलेला असेपर्यंत हवा पीतच राहते. घरगुती कार्यशाळेतल्या कॉम्प्रेसरची निवड ही खरे पाहता या दुसऱ्या तहानेचा हिशेब असतो.

हा हिशेब मराठीत मांडता येतो का, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकाला पडणे स्वाभाविक आहे. हवेशी आपला जुना घरोबा आहे: लोहाराचा भाता, चुलीपुढची फुंकणी, भजनातली पेटी. परिभाषेत कॉम्प्रेसरसाठी 'संपीडक' असा शब्द आहे. पण शिवाजी उद्यमनगरात संपीडक मागणाऱ्या गिऱ्हाईकाला आधी चहा पाजला जाईल आणि मग नीट चौकशी केली जाईल. यंत्र आणि मराठी साहित्य यांच्यात एवढे अंतर नेहमीच होते असे मात्र नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीत 'किर्लोस्कर खबर' निघाले ते नांगर बनवणाऱ्या एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे त्याचे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. त्याच उद्योगपरिवारातून १९५८ साली पुण्यात कॉम्प्रेसर बनवणारी कंपनीही उभी राहिली. लोखंडाचा ओतीव आणि कथेचा मजकूर एकाच आवारातून बाहेर पडत होते, असा एक काळ आपल्याकडे होऊन गेला. आज तो दुवा तुटलेला दिसतो. तरी भाषा कारखान्यात शिल्लक आहे. फक्त ती ऐकायला तिथे जावे लागते.

उद्यमनगरातल्या अशाच एका दुकानात मी पहिला महत्त्वाचा शब्द ऐकला. पाटीवरचा दाबाचा आकडा मी मोठ्याने वाचत होतो: आठ किलो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला आठ किलोग्रॅम, जुन्या इंग्रजी मापात सुमारे ११४ पाउंड. शेजारी पाना घेऊन बसलेला मिस्त्री म्हणाला, "दाब समद्यांचा तेवढाच असतोय सर. दम बघा."

दाब आणि दम. या दोन शब्दांत सारा विषय येतो. दाब म्हणजे हवा किती जोराने रेटते. दम म्हणजे त्या जोराने ती किती वेळ, किती प्रमाणात देत राहता येते. सायकलच्या हातपंपानेही चाकात भरपूर दाब निर्माण करता येतो. पण त्या पंपावर फवारा चालणार नाही, कारण त्याला दम नाही. दाब गेजवर दिसतो, काटा थरथरत वर चढतो, गिऱ्हाईक प्रभावित होते. दम दिसत नाही. तो काम चालू केल्यावर पाच मिनिटांनी कळतो.

पाटीवर दम शोधायचा तर मिनिटाला किती लिटर, किंवा किती घनफूट, हा आकडा पाहावा लागतो. (एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर.) आणि इथेच पाटीची खरी गंमत आहे, कारण हा आकडा दोन प्रकारचा असू शकतो. दोन अश्वशक्तीचा पट्ट्यावर चालणारा एक पंप उदाहरणादाखल घेऊ. त्याला दोन सिलिंडर आहेत, प्रत्येकाचा व्यास ५५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ५० मिलिमीटर आणि फेऱ्या मिनिटाला ९००. गुणाकार केला तर पिस्टन मिनिटाला सुमारे २१४ लिटर जागा झाडून काढतो. हे झाले विस्थापन, आणि पुष्कळदा पाटीवर मोठ्या अक्षरांत हेच असते. पण पिस्टन माथ्याला पोचला तरी वर थोडी फट उरतेच; तिथे दाबली गेलेली हवा परतीच्या धावेत पुन्हा फुगते आणि नव्या हवेची जागा अडवते. झडपांतून, रिंगांच्या कडेने थोडी हवा निसटते. सिलिंडर तापलेला असल्याने आत येणारी हवाही विरळ होते. हे सगळे वजा जाता टाकीपर्यंत पोचते ती हवा दीडशे लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात हाती येणाऱ्या या हवेला 'फ्री एअर डिलिव्हरी' म्हणतात, आणि ती कोणत्या दाबाला मोजली हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यालाही अर्थ नसतो. मोठ्या अक्षरांतला आकडा खोटा नसतो. तो फक्त वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो, आणि तो प्रश्न आपण विचारलेला नसतो.

पाटीवरचा दुसरा देखणा आकडा टाकीचा. पन्नास लिटर, शंभर लिटर, दोनशे लिटर. टाकी मोठी म्हणजे यंत्र मोठे, अशी समजूत सहज होते. टाकीचे काम समजून घ्यायला मला पेटी उपयोगी पडली. पेटीचा बाहेरचा भाता वादकाच्या हाताने हलतो, पण स्वरपट्ट्यांना हवा मिळते ती आतल्या, स्प्रिंगने दाबलेल्या भात्यातून. म्हणून हात मागे जातो त्या क्षणीही स्वर तुटत नाही. आतला भाता हवा निर्माण करत नाही. दोन झटक्यांमधले अंतर भरून काढतो. टाकी हा तो आतला भाता. समजा फवाऱ्याच्या बंदुकीला मिनिटाला २०० लिटर हवा लागते आणि पंप १५० देतो. तूट ५० लिटरची. शंभर लिटरच्या टाकीतला दाब आठवरून पाचावर येईपर्यंत तिच्यातून साधारण ३०० लिटर मोकळी हवा बाहेर पडते. म्हणजे ही तूट सहा मिनिटे भागते. टाकी पन्नास लिटरची असती तर तीन मिनिटे भागली असती. त्यानंतर दोन्हींची गत एकच: फवारा बारीक होतो, थेंब जाड पडतात, आणि कपाटाच्या दारावर संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. टाकी संकट टाळत नाही, त्याची तारीख पुढे ढकलते.

इतक्या अभ्यासानंतर एक सोपा मोह समोर आला. बंद पडलेल्या एका वर्कशॉपचा जुना कॉम्प्रेसर विकायला होता: तीन अश्वशक्ती, दोनशे लिटरची टाकी, बिडाचा भक्कम पंप, आणि किंमत जवळजवळ भंगाराची. तीन अश्वशक्तीची मोटर घरच्या सिंगल फेजवर सुरू होताना घेणारा झटका हा एक प्रश्न होता. पण मी थांबलो तो टाकीपाशी. टाकीचे वय कोणी सांगू शकत नव्हते, आणि तिच्या तळाचा निचऱ्याचा कॉक गंजून घट्ट बसलेला होता. म्हणजे कित्येक वर्षे आतले पाणी कोणी काढलेले नव्हते.

हे पाणी येते कुठून? हवेतूनच. तीस अंश तापमानाला आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ती हवा दाबून आठव्या हिश्शात आणली आणि पुन्हा तीस अंशांपर्यंत निवू दिली, की त्या एवढ्याशा जागेत चार ग्रॅमही वाफ मावत नाही. उरलेले वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे पाणी, टाकीच्या तळाशी उतरते. मिनिटाला दीडशे लिटर देणारा पंप दर सात मिनिटांना एवढे पाणी साठवतो. ते काढले नाही तर टाकी आतून, तळाकडून झिजत जाते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. अशा टाकीची परीक्षा नेहमीपेक्षा जास्त दाबाने, पण पाणी भरून घेतात. हवा भरून घेत नाहीत. कारण पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी फक्त गळते. दाबलेली हवा मात्र साठवलेली सगळी शक्ती एका क्षणात परत करते. मी त्या टाकीची परीक्षा करून मागितली. विकणाऱ्याने हसून सांगितले की वीस वर्षांत काही झालेले नाही. जुन्या पत्र्याच्या बाबतीत हा युक्तिवाद जितका दिलासा देतो तितकाच काळजीतही टाकतो. मी तो व्यवहार सोडून दिला.

घरी हे सगळे आकडे ज्यांच्यासमोर मांडत होतो, त्यांच्याविषयी आता लिहिले पाहिजे. माझे वडील, आबा, १९६९ ते २००० अशी एकतीस वर्षे एका फौंड्रीत फेटलिंगला होते. ओतून थंड झालेल्या बिडावरची जादा धातू, कडा, खिळेवजा उंचवटे हवेच्या छिन्नीने तोडून काढायचे, हे त्यांचे काम. म्हणजे आमच्या घराला कॉम्प्रेसरचे अन्न त्यांच्यामुळे लागलेले आहे. त्या छिन्नीचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित शिफारशींप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास हे कानाचे सोसणे असते आणि पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो; या हिशेबाने शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे येतात. आबा पूर्ण पाळी काढत. कानांत कापसाचे बोळे असत, तेही स्वतःच्या घरून नेलेले.

अशा आवाजाने कान जातो तो एका विशिष्ट क्रमाने जातो, आणि भाषेच्या माणसाला तो क्रम अस्वस्थ करणारा आहे. आधी उच्च कंप्रतेचे आवाज जातात. म्हणजे स, श, त, क, फ जातात. स्वर आणि घोष ध्वनी बराच काळ टिकतात. आबांना आपण बोलतो आहोत हे कळते, पण काय बोलतो आहोत ते कळत नाही. 'पुस्तक' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचतो तो आतला उकार आणि एक अकार घेऊन. व्यंजने वाटेत गळालेली असतात. ज्या वर्णमालेवर मी पोट भरतो, तिचा अर्धा भाग आबांच्या बाबतीत त्या कारखान्यातच राहिला. म्हणून आमच्यात एक वही असते. मी लिहितो, ते वाचून तोंडाने उत्तर देतात.

कॉम्प्रेसरच्या प्रकरणात ही वही भरत गेली. आबांचे मत पहिल्यापासून ठाम होते. "बिडाचा पंप घे. पट्ट्यावरचा. नऊशे फेऱ्यांचा. त्येला तेल घालत ऱ्हायचं, बास. तुझ्या मागं पोरगी वापरंल." यांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बिनतोड होते. मोटरला थेट जोडलेला स्वस्त पंप मिनिटाला अठ्ठावीसशेच्या आसपास फेऱ्या घेतो, लवकर तापतो, लवकर झिजतो. पट्ट्यावरचा पंप सावकाश चालतो आणि म्हणून टिकतो. तेलावर चालणाऱ्या पंपाचे थोडे तेल हवेबरोबर पुढे येते आणि गाळणी नसेल तर लॅकरवर बारीक खड्डे पाडते, हे मी वहीत लिहिले. आबांनी उत्तर दिले, "गाळणी लाव की."

खरी अडचण मी पुढच्या पानावर लिहिली. असा पंप चालताना जवळ उभे राहिले तर आवाज ८० ते ९० डेसिबल असतो. मोटरच्या स्विचमध्ये ठिणगी उडते आणि लॅकरची वाफ पेट घेते, म्हणून यंत्र फवाऱ्याच्या खोलीत ठेवता येत नाही. आमच्याकडे बाहेर जागा आहे ती जिन्याखाली. जिन्याशेजारी, ओट्यावर, आबा दिवसभर बसलेले असतात. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिनियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही हे यंत्र जिन्याखाली शोभणारे नव्हते. पर्याय होता तो तेलाशिवाय चालणाऱ्या, कमी आवाजाच्या यंत्राचा. मी पाहिलेल्या एकाच्या पाटीवर आवाज ६८ डेसिबल दिला होता, टाकी ५० लिटरची, आणि सहा किलो दाबाला हाती येणारी हवा मिनिटाला ११० लिटर. दोन अश्वशक्तीच्याच मोटरवर, पट्ट्याच्या पंपापेक्षा चाळीस लिटर कमी.

"दम न्हाई त्यात," आबा म्हणाले. "आवाजाचं काय मला? माझं कान कवाच गेलं."

यावर माझ्याकडे वैद्यकीय उत्तर होते. कान गेलेला असला तरी पूर्ण गेलेला नसतो, आणि जो उरलेला असतो तो नव्या आवाजाने जाऊ शकतो. पण आलेखाची भाषा मला लिहवेना. आबांना अजून काय ऐकू येते ते मी लिहून काढले. रेडिओवरच्या तबल्यातला डग्गा. गल्लीत शिरणाऱ्या एसटीचे इंजिन. नात जिन्यावरून हाक मारते तेव्हा त्या हाकेतले दोन आकार: आ आ. त्याखाली मी एक ओळ लिहिली, "हे जपायचे आहे."

आबांनी ते पान बराच वेळ वाचले. एवढ्या मजकुराला लागायला नको इतका वेळ. मग माझ्या हातातले पेन घेतले आणि काही न बोलता पान उलटून हिशेब मांडायला सुरुवात केली. एकशे दहा लिटर. मोठ्या बंदुकीला दोनशे लागतात, म्हणजे ती नको. बारीक तोंडाची छोटी बंदूक घ्यायची, तिचे शंभरात भागते. एका वेळी कपाटाचे एकच दार. दार संपले की यंत्राला तेवढीच विश्रांती. कोरीव पट्टीला फवारा मारायचाच नाही. तिथे चपडीचे पॉलिश, मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने, हाताने. निचऱ्याचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा, ते काम त्यांचे. शेवटी त्यांनी बेरीज मारावी तशी खाली आडवी रेघ ओढली. त्यांच्या संमतीचे एवढेच चिन्ह मला मिळाले, आणि ते पुरेसे होते.

यंत्र आले. सोळा अँपियरच्या स्वतंत्र प्लगवर ते बसवले, खाली रबराचे तुकडे घातले, नळीला पाणी अडवणारी गाळणी लावली. यंत्राला दम कमी आहे, यात शंका नाही. पण आता मला असे वाटते की दम हा एकट्या यंत्राचा गुण नसतो. तो यंत्र, काम आणि त्या कामाच्या आसपास बसलेली माणसे यांचा मिळून असतो. एका वेळी एकच दार हा नियम पाळला, की एकशे दहा लिटर पुरतात. दोनशे लिटरची टाकी पाहून भुलणाऱ्या आपल्या सवयीला वर्गातही जागा असते. किती साठवले आहे यावरून आपण अध्यापकाची आणि विद्यार्थ्याची पारख करतो, आणि तासभर एकसारखे देता येते का हे विचारायचे राहून जाते. असो. ही तुलना मी ताणणार नाही. यंत्राला त्याचे यंत्रपण असू द्यावे.

चारांपैकी दोन कपाटे उन्हाळ्यात पूर्ण झाली आणि वाचनालयात परत गेली. उरलेल्या दोहोंच्या पट्ट्यांना चपडीचे हात देणे चालू आहे. लॅकर मात्र पाऊस उघडेपर्यंत थांबवले आहे, कारण या दिवसांत ओल्या हवेने त्यावर पांढुरके ढग धरतात. आज फक्त खाचांतली धूळ उडवली, दहा मिनिटे. संध्याकाळी आबांनी कॉक उघडला, खाली ठेवलेल्या वाटीत पाणी धरले आणि ते जिन्याशेजारच्या अबोलीच्या कुंडीत ओतायला निघाले. त्या पाण्यात टाकीचा गंज उतरलेला असतो, म्हणून मी वही पुढे केली. ते वाचून म्हणाले, "बरं." आणि वाटी गटारात रिकामी केली.